कोटेशनकाका

कोटेशनकाकांना गळकी गच्ची दाखवायला वर न्यावं, तर ते भेगांकडे ढुंकूनही बघत नाहीत. जिने चढून येतात, पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभे राहून धाप टाकतात आणि हात पुढे करतात.

"खाली काय बघालायस? कागद कुठाय?"

कागद म्हणजे ठेकेदाराचं एस्टिमेट. काकांचं म्हणणं असं, की गच्च्या सगळ्यांच्या सारख्याच गळतात. निरनिराळी गळतात ती एस्टिमेटं. गच्चीतून पाणी जातं, कागदातून पैसे जातात, आणि पाण्याचा निदान भिंतीवर डाग तरी दिसतो.

बेंगळुरातल्या बनशंकरी सेकंड स्टेजमध्ये, बीडीए कॉम्प्लेक्सच्या मागच्या अंगाला आमची इमारत आहे. काका मूळचे बेळगावचे, टिळकवाडीतले. इथल्याच एका सरकारी कारखान्याच्या खरेदी खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. बंद लिफाफे फोडायचे, सर्वांत कमी दराचा, म्हणजे त्यांच्या भाषेत 'एल-वन', शोधून काढायचा आणि मग हा एवढा स्वस्त का म्हणून त्याच्यावरच संशय घ्यायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी लागतंच. कुणाला देव लागतो, कुणाला शेअर बाजार. काकांना गच्ची लागली. आसपासचे मराठी लोक त्यांना कोटेशनकाका म्हणतात, कानडी लोक एस्टिमेट अंकल म्हणतात, आणि वॉटरप्रूफिंगवाले काय म्हणतात ते काकूंनी एकदा खिडकीतून ऐकलंय. पण त्या सांगत नाहीत.

हा नाद करायला बनशंकरीपेक्षा चांगली जागा नाही. बीडीएनं, म्हणजे इथल्या विकास प्राधिकरणानं, पाडलेले तीस-चाळीसचे आणि चाळीस-साठचे प्लॉट, त्यांवर जुनी झालेली स्लॅबची घरं, प्रत्येक गच्चीवर टाकी, सोलर हीटर आणि वाळत घातलेले सांडगे. पाऊसही काकांच्या सोयीचा. वर्षाला साधारण ९७० मिलिमीटर, म्हणजे कोकणाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. पण कोकणातला पाऊस चार महिने कोसळून मोकळा होतो, इथला एप्रिलमधल्या आंबेसरींपासून नोव्हेंबरपर्यंत ये-जा करत राहतो. त्यातून सगळ्यात जास्त पडतो तो सप्टेंबर-ऑक्टोबरात, पावसाळा संपला असं समजून लोकांनी दिवाळीसाठी भिंती रंगवून घेतल्यावर. त्यामुळे काकांना मोकळा महिना म्हणून नाही.

लग्न ठरवताना पत्रिका घेऊन गुरुजींकडे जातात, तसे लोक संध्याकाळी काकांकडे येतात. कागदाची घडी करून, जरा चोरून, ठेकेदाराला कळू नये म्हणून. काका चष्मा बदलतात, तांबडं बॉलपेन काढतात आणि शेवटच्या पानापासून वाचायला घेतात. पहिल्या पानावर कंपनीचं बोधचिन्ह, एक गणपती आणि चौकशी केल्याबद्दल आभार असतात. लेटरहेडवर मोबाइल नंबर चिकटपट्टी लावून बदललेला असतो, आणि त्याच्याच खाली दहा वर्षांची गॅरंटी. काका चिकटपट्टीवर नखानं टकटक करतात. "दहा वर्षं ह्याला कुठं शोधणार? ह्याचा नंबर दोन वर्षं टिकत नाही." गॅरंटी कुणाची, हा त्यांचा पुढचा प्रश्न. डबा बनवणारी कंपनी देते ती मालाची गॅरंटी, आणि माल तर चांगलाच असतो. बिघडतं ते लावणाऱ्याच्या हातून, आणि त्या हाताची गॅरंटी कागदावर कुठेच नसते.

खरा मजकूर असतो तो अटींमध्ये, बारीक अक्षरात. 'पाणी, वीज मालकानं द्यावी.' 'नळकाम वेगळं.' 'तोडकामाचं राबिट खाली आणून दिलं जाईल.' इथे काका थांबतात. खाली म्हणजे कुठे? तर तुमच्या दारात. तिथून पुढे ट्रॅक्टर तुम्ही सांगायचा, तो रात्रीच येणार आणि शेजाऱ्याशी भांडण तुम्हीच करायचं. या एका 'खाली'साठी काकांनी चांगल्या चांगल्या ठेकेदारांचा चहा गार केलेला आहे.

पुण्याहून आलेल्या एका आयटीतल्या जोडप्यानं आमच्या गल्लीत तीस-चाळीसवरचं जुनं घर घेतलं, आणि पहिल्याच ऑक्टोबरात बेडरूमच्या कोपऱ्यात डाग उमटला. त्यांनी तीन कोटेशनं मागवली आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून काकांना गाठलं. पहिलं कोटेशन एका ओळीचं होतं: 'टेरेस वॉटरप्रूफिंग, १२०० चौरस फूट, सर्व मिळून', आणि रक्कम. काकांनी ते पालथं घातलं. "ह्याला एस्टिमेट म्हणत नाहीत. ही मागणी आहे." दुसऱ्यात ओळी भरपूर होत्या, पण १२०० तिथेही होते.

"प्लॉट केवढा?" काकांनी विचारलं.

"तीस बाय चाळीस."

"म्हणजे बाराशे. आणि गच्ची पण बाराशे? भोवती जागा सोडलीय की नाही? का शेजाऱ्याच्या भिंतीवर पण कोटिंग मारालेत?"

टेप आली. एक टोक नवऱ्याच्या हातात, दुसरं बायकोच्या, मधोमध वही घेऊन काका. एकतीस बाय सत्तावीस, ८३७ फूट. जोडप्याचे चेहरे उजळले. पण काका म्हणाले, "थांबा की," आणि त्यांनी एकदम ठेकेदाराची बाजू घेतली. कोटिंग जमिनीवर संपत नाही. कठड्याच्या आतल्या अंगानं ते फूटभर वर चढवावं लागतं, नाहीतर पाणी सांध्यातून आत शिरतं. चारी बाजू मिळून ११६ फूट, ते धरून झाले ९५३. म्हणजे ठेकेदारानं नसलेले ३६३ फूट धरले होते आणि असलेले ११६ सोडले होते.

"चोर नाही हा," काकांनी निकाल दिला. "चोर असता तर आधी नीट मोजला असता. आळशी आहे."

मग एकेक ओळ. गच्चीवर जुना ब्रिकबॅट कोबा होता, विटांच्या तुकड्यांवर सिमेंटचा थर देऊन उतार काढलेला. तो फोडायचा, की त्याच्यावरच नवं काम करायचं? फोडला तर तोडकाम आणि राबिट आलं. न फोडावा तर स्लॅबवरचं वजन वाढतं आणि कोब्यात मुरलेलं पाणी आतच कोंडलं जातं. एस्टिमेटात यातलं काहीच नव्हतं, नुसतं 'पृष्ठभाग तयार करणे' असं होतं. पुढे 'कोटिंग, दोन हात'. कुठलं कोटिंग, पॉलीयुरेथेन की अॅक्रिलिक? एका लिटरमध्ये किती फूट? डबा तेवढाच राहतो आणि फूट वाढत जातात, हा प्रकार काकांनी कारखान्यातल्या रंगकामापासून पाहिलेला. मध्ये जाळी बसवणार का? भिंत आणि जमीन मिळतात तिथे वाटा काढणार का? उतार शंभराला एक तरी ठेवणार का? आणि पावसाच्या पाइपाचं तोंड?

"पाणी मधनं येत नाही कधी. कडेनं येतंय, पाइपाच्या तोंडातनं येतंय. आणि नेमकी तीच ओळ नाही."

शेवटी गच्चीला बांध घालून दोन दिवस पाणी साठवून ठेवायची चाचणी. तीनही कोटेशनांत ती नव्हती. काकांनी तीनही कागदांवर ती तांबड्यात लिहिली आणि 'पन्नास टक्के आगाऊ' खोडून पैशांचे टप्पे पाडले: थोडे तोडकाम झाल्यावर, थोडे पहिल्या हातानंतर, थोडे चाचणीनंतर, आणि दहा टक्के पहिला पाऊस पडून गेल्यावर. ठेकेदारांना यातलं सगळं एकवेळ चालतं, पाऊस चालत नाही. जानेवारीत काम करणारा माणूस आपले दहा टक्के आभाळाच्या हवाली कशाला करील?

पण काकांचं नाव झालं ते सोलर हीटरमुळे. बेंगळुरात सोलर नसलेली गच्ची शोधावी लागते. हा सोलर नेमका तिथेच चार पाय रोवून उभा असतो जिथे कोटिंग करायचं आहे. तो रिकामा करायचा, काचेच्या नळ्या एकेक करून काढायच्या, सांगाडा हलवायचा, मग प्लंबर बोलावून सगळं परत बसवायचं. ही ओळ कोणीही लिहीत नाही. मुकादम येतो, पायांच्या भोवतीनं ब्रश फिरवतो, आणि पुढच्या वर्षी बरोबर चार ठिपके छतावर उमटतात. काका कुठल्याही मेस्त्रीला पहिला प्रश्न करतात, "सोलर कुठं जाणार?" या प्रश्नाला मेस्त्री दचकतो. एकानं तर न राहवून विचारलं होतं, "सार, नीवु इंजिनियरा?"

"अल्लप्पा," काका म्हणाले, म्हणजे 'नाही रे बाबा'. "पर्चेस."

मेस्त्रीनं वही मिटली.

आता एक गोष्ट मात्र काकांची निखालस स्वतःची, आणि ती खरोखर शहाणपणाची आहे. जुनी गच्ची फोडल्यावर आत काय निघेल ते कोणालाच ठाऊक नसतं. सळ्या गंजलेल्या निघतात, काँक्रीट हातानं सुटून येतं. त्या दिवशी गच्ची उघडी पडलेली असते, आभाळ भरून आलेलं असतं, आणि मालक ठेकेदार म्हणेल तो दर मुकाट कबूल करतो. म्हणून काका प्रत्येक एस्टिमेटाला एक जादा रकाना जोडायला लावतात. त्याचं नाव 'सापडल्यास'. गंजलेली सळई सापडल्यास बदलायचा दर किलोमागे किती. पोकळ प्लास्टर सापडल्यास फुटामागे किती. फुटका पाइप सापडल्यास किती. "आत्ता दिसंना म्हणून आत्ता दर लिहायचा नाही होय? दिसल्यावर तो लिहील की, त्याच्या मनासारखा!" पुण्याच्या जोडप्याच्या गच्चीत खरंच सळ्या सापडल्या, आणि ठरल्या दरानं त्यांचं निभावलं. तेव्हापासून त्या जोडप्यातली मुलगी काकांना संक्रांतीला तिळगूळ द्यायला येते. काका तिळगूळ घेतात आणि दहा टक्के अजून दिले नाहीत ना, याची चौकशी करतात.

वाटाघाटींची वेळ काका राहुकाळात ठेवतात. हे महाराष्ट्रातल्या माणसाला सांगून कळायचं नाही. आपल्याकडे राहुकाळ पंचांगात पडून असतो. इथे तो रोजच्या व्यवहारात असतो. त्या दीड तासात कोणी आगाऊ रक्कम घेत नाही, सही करत नाही, नव्या कामाचा नारळ फोडत नाही. फक्त आमच्या बनशंकरी अम्माच्या देवळात उलटं. कनकपुरा रोडवरच्या या देवीची पूजा राहुकाळातच करायची, लिंबू कापून, उलटी केलेली अर्धी साल पणतीसारखी लावून. काकू मंगळवारी तीन ते साडेचार तिकडे असतात, आणि नेमके त्याच वेळी काका ठेकेदाराला बोलावतात. सही करून निसटायची सोय नसल्यामुळे तो बिचारा दीड तास अडकतो आणि काकांना अख्खं एस्टिमेट अटींसकट वाचायला मिळतं. साडेचारला दर खाली आलेले असतात आणि काकू प्रसाद घेऊन परतलेल्या असतात. यश कशामुळे आलं यावर दोघांचं एकमत नाही.

पत्र्याच्या बाबतीत काका याहून कडक. हल्ली बनशंकरीत गळतीवर उपाय म्हणून लोक गच्चीवर सरसकट पत्र्याचं छप्पर टाकतात. काका खिशात मायक्रोमीटर घेऊन जातात. एस्टिमेटात '०.५ मिमी' लिहिलेलं असतं. ही जाडी रंग आणि मुलामा धरून, की आतल्या नुसत्या पोलादाची? दोन्हींत फरक पडतो आणि भाव सांगताना तो कोणी बोलत नाही. एक पत्रा दुसऱ्यावर चढतो ती पट्टी मापात धरलेली त्यांना चालत नाही. छप्पर जेवढं झाकलं तेवढंच मोजायचं, नागमोडी वळणं आणि चढलेल्या कडा मोजायच्या नाहीत, हा सरकारी मोजमापाचा रिवाज ते तोंडपाठ म्हणतात. स्क्रूखालचं रबराचं वायसर दातानं चावून बघताना मी त्यांना पाहिलेलं आहे. का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

गवीपुरमला काकूंच्या लांबच्या नात्यात मंगळुरी कौलांचं एक घर आहे. बासेल मिशनवाल्यांनी १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून अर्ध्या दक्षिण भारतावर हेच लाल कौल चढलं. ते घर उतरवायचं ठरलं तेव्हा काकांनी एकच ओळ मागितली: जुन्या मालाची वजावट. सागवानी वासे, धड असलेली कौलं, लोखंडी पन्हाळ. ठेकेदार म्हणाला, तो कचरा आम्ही फुकटात उचलून नेऊ. जुनी छापाची कौलं हल्ली कॅफेवाले शोधत फिरतात हे काकांना माहीत होतं. फुकटात उचलायचा कचरा शेवटी एकूण रकमेतून चांगला घसघशीत वजा झाला.

२२ सप्टेंबर २०२५ला सिमेंटवरचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी काका गल्लीतली सगळी चालू एस्टिमेटं गोळा करत फिरत होते. "तुमच्या बिलावरचा टॅक्स अठराच होता, कबूल. पण तुमचं सिमेंट स्वस्त झालं की नाही? ते कुठाय ह्यात?" एका ठेकेदारानं फोन बंद ठेवून दसरा केला.

पाहुण्यांना लोक लालबाग दाखवतात, काका जयनगरमधलं विश्वेश्वरय्यांच्या नावाचं पावसाचं पाणी साठवण्याचं उद्यान दाखवतात. पुण्यात इंजिनिअरिंग शिकून, मुंबई इलाख्यात नोकरी करून पुढे म्हैसूरचे दिवाण झालेले विश्वेश्वरय्या हे काकांना मराठी आणि कानडी या दोन्ही बाजूंनी आपले वाटतात. तिथल्या नमुन्याच्या छपराखाली उभं राहून ते पाहुण्यांना सांगतात, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. पाहुणे घड्याळ बघतात.

काकांच्या आयुष्यातला परमोच्च क्षण मात्र अमेरिकेतून आला. लेक-जावई न्यू जर्सीला असतात. त्यांच्या घराचं छप्पर बदलायचं होतं आणि जावयानं सहज एस्टिमेट पाठवलं. पाच पानं! जुने शिंगल्स उपटणं वेगळं, खालचा जलरोधक कागद वेगळा, कडेची धातूची पट्टी वेगळी, चिमणीभोवतीचं फ्लॅशिंग वेगळं, कचऱ्याचा मोठा डबा वेगळा. माप 'स्क्वेअर'मध्ये, एक स्क्वेअर म्हणजे शंभर चौरस फूट. बेंगळुरातले मेस्त्रीही घर स्क्वेअरमध्येच सांगतात, आणि आपल्याकडचा ब्रासही क्षेत्रफळाला शंभराचाच. काकांना तर घरी आल्यासारखं झालं. छपराला बारा इंचांमागे सहा इंचांचा चढ होता, म्हणून त्यांनी खालच्या क्षेत्रफळाला १.११८नं गुणून ठेकेदाराचा आकडा ताडून पाहिला. तो जुळला. काका थोडे खट्टू झाले. मग चौथ्या पानावर तळाशी एक ओळ होती: जुने शिंगल्स काढल्यावर खालचं प्लायवुड कुजलेलं निघालं, तर प्रत्येक शीटमागे इतके डॉलर.

काका ताडकन उठले. "माझंच चोरलंय की ह्यानं!"

तो कागद त्यांनी लॅमिनेट करून घेतला. इथल्या ठेकेदारांना ते तो दाखवतात.

आता एक गोष्ट इतका वेळ सांगायची राहिली. काकांना स्वतःचं छप्पर नाही. ते आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. त्यांच्या डोक्यावर तीन मजले आणि बारा कुटुंबं आहेत. इतकी वर्षं त्यांनी वाचलं ते सगळं परक्याच्या गळतीचं, निव्वळ ज्ञानासाठी.

आणि गेल्या वर्षी आमची गच्ची गळली. असोसिएशनची सभा रविवारी साडेचारला, अर्थात राहुकाळात. खर्च ६,४०,०००. वरच्या मजल्याचं म्हणणं, सगळ्यांनी भरावा. तळमजल्याचं म्हणणं, ज्याचं गळतं त्यानं भरावा. खालच्या चार घरांनी आपला वकील म्हणून काकांना पुढे केलं. काका उठले, घसा साफ केला आणि कर्नाटकाचा १९७२चा अपार्टमेंट मालकीचा कायदा काढला. छप्पर ही सामाईक मालमत्ता, सगळ्यांनी भरायचं. तळमजला थक्क झाला. शेजारच्या भटांनी त्यानंतर कित्येक दिवस काकांना नमस्कार केला नाही. पण काकांचा चेहरा मी पाहत होतो. वर्गणी भरणारा माणूस पक्षकार होतो, आणि पक्षकाराला एस्टिमेट मागायचा हक्क असतो.

त्यांनी ते आठवडाभर वाचलं. ठेकेदारानं 'सापडल्यास' आपणहून लिहिलं होतं, सोलर लिहिले होते, राबिट थेट ट्रॅक्टरपर्यंत लिहिलं होतं. परिसरात काकांची एवढी दहशत. शेवटी चूक निघाली ती ठेकेदाराच्या कागदात नाही, आमच्या खजिनदारांच्या वाटणीच्या तक्त्यात. वर्गणी घराच्या क्षेत्रफळावर होती. एकूण १६,००० फूट, फुटाला चाळीस रुपये. काकांचं घर १,०४० फूट धरलं होतं. त्यांनी खरेदीखत आणून दाखवलं: १,१४०.

खजिनदार हळूच म्हणाले, "काका, असू दे. कोणाच्या लक्षात येणार नाही."

"माझ्या आलंय की."

तक्ता नव्यानं छापला. एकूण १६,१००, दर सुमारे ३९ रुपये ७५ पैसे. सगळ्या इमारतीचे फुटामागे पंचवीस पैसे वाचले आणि काकांची वर्गणी ३,७१७ रुपयांनी वाढली. नवा तक्ता ते घरी घेऊन आले आणि काकूंना बेरीज कशी आता अगदी बिनचूक बसते ते दाखवू लागले. काकूंनी आकडा पाहिला, काही बोलल्या नाहीत. मंगळवारी पिशवीत नेहमीपेक्षा जास्त लिंबं घेऊन त्या निघाल्या तेव्हा जिन्यात भेटल्या. आज एवढी कशाला, असं मी विचारलं.

"बुद्धीसाठी," त्या म्हणाल्या.

"कुणाच्या?"

"सापडल्यास सांगते."